गिअरचा दांडा, क्रमांक ४४१७

शनिवार, ६ एप्रिल. संध्या. ६.१०

आज घडलं ते क्रमाने:

१. सकाळी ९.४०. व्हर्लिन टॅकेट यांची १९३४ची फोर्ड कूप, दोन दारांची मोटार, ऑइलडेलच्या उत्तरेच्या रस्त्यावर. चालवत होते व्हर्लिन. शेजारी मी.
२. दुसऱ्या गिअरमधून तिसऱ्यात जायला त्यांनी दांडा पुढे ढकलला. दांडा बुडातून मोडून त्यांच्या हातात आला. गाडी दुसऱ्यातच राहिली.
३. त्यांनी तो माझ्याकडे दिला. म्हणाले, "जरा धर गं."
४. उरलेले अकरा मैल दुसऱ्या गिअरमध्ये. इंजिन इतकं किंचाळत होतं की बोलणं अशक्य. चर्चच्या एका बसने आम्हाला मागे टाकलं.
५. व्हर्लिन म्हणतात, बसमधल्या म्हाताऱ्यांना मी दांडा हलवून टाटा केला. मला तसं आठवत नाही.
६. दोष माझा नाही. वेल्डिंगचा जोड मी तपासला नव्हता, कारण तपासायला मला कोणी सांगितलं नव्हतं.

मोडलेला दांडा व्हर्लिननी १९९१ साली पलंगाच्या लोखंडी पट्टीतून बनवला होता. मी आठवडाभर लॅबमध्ये तेल कंपन्यांची मापाची गेजं तपासते, हजारांश इंचाची चूक सापडली की लाल शिक्का मारते, आणि शनिवारी पलंगात बसून फिरते. हे यापुढे बंद.

रविवार, ७ एप्रिल

शांतपणे विचार केला. मुद्दा एकच आहे. व्हर्लिन जूनमध्ये ऐंशीचे होतील. त्यांचं लायसन्स २२ जूनला संपतं आणि डोळ्यांच्या चाचणीत ते या वेळी पास होणार नाहीत. हे त्यांना माहीत आहे. मी त्यांना वीस फुटांवरची पाटी वाचायला लावली होती. त्यांनी तिच्या शेजारची वाचली. ८ जूनला शाफ्टरच्या पुढे जुन्या विमानपट्टीवर जुन्या गाड्यांच्या क्लबची वार्षिक धाव आहे, एक मैल, सरळ. त्यानंतर ते गाडी चालवणार नाहीत. तेव्हा ८ जूनला चारही गिअर नीट पडले पाहिजेत.

काम सोपं आहे. गाडीखालची गिअर बदलायची पेटी डॅगेट कंपनीची, १९६३ची. तिच्यातून वर एक लोखंडी खुंट येतो, खुंटाला दोन भोकं, त्यांवर दांडा दोन बोल्टनी बसतो. डॅगेटने प्रत्येक गाडीसाठी वेगळ्या वळणाचा दांडा केला आणि बुडाशी चार आकडी क्रमांक ठोकला. योग्य क्रमांक ओळखायचा, तो दांडा शोधायचा, बसवायचा.

तीन आठवडे पुरतील. दोनच म्हणणार होते, पण मी कधी फुशारकी मारत नाही.

शनिवार, १३ एप्रिल

व्हर्लिनच्या गॅरेजमध्ये सकाळी नऊ ते दुपारी चार. मी तिथे जाते ती लेथसाठी, धातू कातायच्या यंत्रासाठी. शिवाय उत्तरेचा उजेड चांगला आहे.

व्हर्लिनना माझी योजना सांगितली. मी लॅबमध्ये असते म्हणून ते मला प्रोफेसर म्हणतात. ते म्हणाले, "प्रोफेसर, दांडा म्हणजे बूट. पायात घालून बघायचा असतो." मी म्हटलं, बुटालाही नंबर असतो. त्यावर त्यांची बहीण आर्डिस हसल्या. आर्डिस ऐंशीच्या, व्हर्लिनपेक्षा वीस वर्षांनी मोठ्या असल्यासारख्या वागतात, प्रत्यक्षात अकरा महिन्यांनी आहेत. कोपऱ्यातल्या आरामखुर्चीत बसून असतात, शब्दकोडं सोडवतात आणि भावाला टोमणे मारतात. तांत्रिक बाबतीत त्यांचा उपयोग नाही.

आज त्यांनी पीच पाय, म्हणजे फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, आणला होता. मी साखर सोडली आहे. एकच तुकडा घेतला. दुसरा लहान होता.

मंगळवार, १६ एप्रिल

जुन्या कॅटलॉगच्या छायाप्रती मिळवल्या. डॅगेटचे एकूण एकेचाळीस दांडे. तक्ता केला: उंची, मागे येणारं वळण, उजवीकडचा कल, पट्टी चपटी की गोल, मुठीचे आटे.

शनिवार, २० एप्रिल

मोजमापाचा दिवस. खुंटापासून डॅशबोर्डपर्यंतचं अंतर, छपरापर्यंतची उंची, गाडीच्या तळाचा उतार, सगळं घेतलं. सीट गाडीत नाही. ती श्रीमती एत्चेवेरी यांच्याकडे नवं कातडं चढवायला गेली आहे. मे अखेर म्हणतात. त्याने काही अडत नाही. सीटचा १९९८चा एक फोटो आहे, त्यात शेजारी कोकाकोलाची बाटली आहे, बाटलीची उंची मला माहीत आहे. त्यावरून सीटची उंची काढली. नव्या भरावासाठी अर्धा इंच वाढवला. माणसाचा हात मानकांच्या पुस्तकातल्या सरासरी पुरुषाचा धरला.

व्हर्लिन म्हणाले, "मी इथे उभाच आहे. माझाच हात मोज ना."

मी समजावलं की एका माणसाचं माप म्हणजे अपवाद. सरासरी जास्त भरवशाची.

ते स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. आर्डिस म्हणाल्या, "बघ व्हर्लिन, ऐंशी वर्षं वापरलास आणि तो अपवाद निघाला."

निष्कर्ष: ४४१७. शंका नाही.

रविवार, २८ एप्रिल

टुलारीच्या मैदानावर जुन्या भागांचा बाजार. सकाळी सहाला पोहोचले. अकरापर्यंत दांडेच दांडे. अर्ध्या लोकांना आपण काय विकतोय हे ठाऊक नव्हतं. एकाने कापणीयंत्राचा दांडा "रेसिंगचा" म्हणून पुढे केला. मी त्याला दोन वाक्यांत सुधारलं. त्याने आभार मानले नाहीत.

हॉइट नावाच्या विक्रेत्याकडे दोन ४४१७ होते. शेजारी शेजारी, एकाच फळीवर.

पहिला: गंजलेला, क्रोम उडालेलं, क्रमांकाचे आकडे वेडेवाकडे. पहिला चार मागे कलंडलेला, सात जवळजवळ आडवा, एक वरच्या ओळीला पळालेला. शाळेतल्या पोरांच्या रांगेसारखे.

दुसरा: स्वच्छ. चारही आकडे एका ओळीत, समान खोलीचे, समान अंतरावर. भिंगातून पाहिलं. अंतरातला फरक दोन हजारांशाच्या आत.

मी हॉइटना सांगितलं की पहिला उघड उघड नकली आहे. ज्या कारखान्याला आकडे सरळ ठोकता येत नाहीत तो भोकं कशी सरळ पाडणार? त्यांनी टोपी मागे सारली आणि विचारलं, "बाई, तुम्ही काय काम करता?" मी सांगितलं. ते म्हणाले, "मग बरोबर." नंतर म्हणाले, दोन्ही घेऊन जा, गंजलेला फुकट देतो. नकली माल फुकटही घ्यायचा नाही हे माझं तत्त्व आहे. नाकारला.

चांगला सौदा. परत येताना गाडीत एकदा हसले असेन.

शनिवार, ४ मे

दांडा व्हर्लिनना दाखवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला, दूर धरला, मग अंगठ्याने चाचपला. म्हणाले, "चकचकीत आहे." त्यांनी त्यात आणखी काही पाहिलं नाही. त्यांची दृष्टी लक्षात घेता हे स्वाभाविक आहे. आर्डिस दंतवैद्याकडे गेल्या होत्या.

पेटीचा विषय निघाला तेव्हा व्हर्लिननी खुंटावरून हात फिरवला. म्हणाले, पॅकिंग शेडमध्ये बटाटे निवडून कमावलेल्या पैशांत पहिली नवी कोरी वस्तू घेतली ती ही. गाडी नंतर आली. "लोक गाडी घेतात आणि गिअर शोधतात. मी गिअर घेतला आणि गाडी शोधली. आई म्हणाली, पोरगं वाया गेलं." त्यांच्याकडे आता एकोणीसशे त्रेसष्टचं न बदललेलं तेवढंच उरलं आहे. "आणि ती," असं म्हणून त्यांनी रिकाम्या आरामखुर्चीकडे बोट दाखवलं.

मी घरी आणायला म्हणून पेटी उतरवून घेतली. साफ करायची आहे.

सोमवार, ६ मे. रात्री जेवणानंतर

एक किरकोळ बाब. दांड्याच्या भोकांतलं अंतर आणि खुंटाच्या भोकांतलं अंतर जुळत नाही. फरक एक बत्तिसांश इंच. एक बोल्ट जातो, दुसरा जात नाही.

शक्यता दोन. एक, दांडा चुकीचा आहे. दोन, खुंट झिजला आहे.

दांडा चुकीचा नाही, त्याचं माप मी घेतलं आहे. तेव्हा खुंट झिजला आहे. झिजल्याने दोन भोकं एकमेकांपासून दूर कशी सरकतात हे नेहमीच्या सिद्धांताने सांगता येत नाही. पण साठ वर्षं हा नेहमीचा काळ नाही.

मंगळवार, ७ मे

कानस घेऊन खुंटाचं वरचं भोक जरा लांबट केलं. दांड्याला हात लावला नाही. त्याला क्रोम आहे आणि क्रमांक आहे. खुंटाला दोन्ही नाही.

बोल्ट आता जातो. जाड वॉशर घातला की लांबटपणा दिसत नाही. तो लपवायला घातलेला नाही. वॉशर घालायचेच असतात.

शनिवार, ११ मे

पेटी गाडीत परत बसवली. व्हर्लिननी विचारलं, साफ करताना काही विशेष दिसलं का. मी म्हटलं, नाही. प्रश्न विशेष दिसण्याबद्दल होता.

दांडा बसवला. सुरेख दिसतो. सीट नसल्याने मी दुधाच्या पालथ्या क्रेटवर बसून चारही गिअर टाकून पाहिले. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. लोण्यातून सुरी. व्हर्लिन खिडकीत वाकून म्हणाले, "मी बसू?" मी सांगितलं की ते सव्वासहा फूट आहेत आणि क्रेट एकशे ऐंशी पौंडांचा भरवसा देत नाही. ते कॉफी आणायला गेले. तीनदा गेले. एका सकाळीत इतकी कॉफी त्यांच्या वयाला बरी नाही, हे त्यांना सांगितलं.

शनिवार, १८ मे

गॅरेजला गेले नाही. लॅबमध्ये काम होतं. म्हणजे करण्यासारखं होतं. लॅब शनिवारी बंद असते, त्यामुळे एकाग्रता चांगली होते.

दुपारी आर्डिसचा फोन. "अगं, तू आजारी आहेस की आमच्यावर रुसलीस?" मी म्हटलं, दोन्ही नाही, मी रुसत नाही. त्या म्हणाल्या, "व्हर्लिन दारातून सारखा रस्त्याकडे बघतोय. त्याला रस्ता दिसत नाही हे मला माहीत आहे, पण बघतोय." मग त्यांनी आठ उभ्याचा शब्द विचारला. मला येत होता. तरी विचार करून सांगते म्हटलं.

संध्याकाळी फोन करून शब्द सांगितला. चाळीस मिनिटं बोलणं झालं. शब्दकोडी वेळखाऊ असतात.

शनिवार, २५ मे

व्हर्लिनना लेखी प्रमाणपत्र दिलं. लॅबच्या नमुन्यात: दांड्याचं नाव, क्रमांक, मापं, तापमान, आर्द्रता, "वापरण्यास योग्य", खाली माझी सही. प्लास्टिकमध्ये बंद करून आणलं. त्यांनी ते भिंतीवर लावलं, त्यांच्या आईच्या फोटोशेजारी. फोटोपेक्षा प्रमाणपत्र दोन इंच उंच आहे. 

क्लबच्या लोकांनी ते वाचून टाळ्या वाजवल्या. एकाने विचारलं, माझ्या बायकोसाठी असं एक मिळेल का. मी म्हटलं, आधी मोजमापं लागतील. बराच वेळ हसत होते. त्यात हसण्यासारखं काय होतं कळलं नाही.

गुरुवार, ६ जून. संध्या. ७.३०

श्रीमती एत्चेवेरी सीट घेऊन आल्या. कातडं तपकिरी, शिवण उत्तम. भराव त्यांनी भरपूर घातला आहे. "म्हातारे लोक खाली बुडले की वर येत नाहीत," म्हणाल्या, "म्हणून जास्त घातला." अर्ध्या इंचाऐवजी दोन. सीटही पुढे आली आहे, कारण नवा भराव पाठीतही आहे. बाटलीवरून हे कळणं शक्य नव्हतं.

व्हर्लिन बसले. पहिला गिअर ठीक. दुसऱ्यासाठी दांडा मागे ओढला की मूठ थेट त्यांच्या मांडीत. गिअर पूर्ण पडायला त्यांना उजवा गुडघा उचलावा लागतो. चौथ्यालाही तेच. म्हणजे एका मैलात दोनदा.

मी सुचवलं की गुडघा उचलण्याची सवय करावी. त्यांनी तासभर सराव केला. आर्डिस म्हणाल्या, "व्हर्लिन, तू गाडी चालवतोयस की खांबाजवळच्या कुत्र्यासारखा पाय वर करतोयस?" ते म्हणाले, "गप गं, मी शिकतोय. प्रोफेसरने कागद दिलाय."

जुळवून घेताहेत. चांगलं लक्षण.

शुक्रवार, ७ जून. संध्या. ८.१५

सविस्तर लिहिते, कारण आज माझी बाजू नीट नोंदली जायला हवी.

संध्याकाळी गाडी पुसत होतो. आर्डिस खुर्चीतून उठून आल्या. त्यांच्या गुडघ्यांमुळे हे क्वचित घडतं. गाडीत वाकून दांड्याच्या बुडाशी चष्मा नेला आणि म्हणाल्या, "हे कोणी ठोकलंय?"

मी म्हटलं, डॅगेट कंपनीने.

"छे! डॅगेटमध्ये आकडे मी ठोकायचे."

मी व्हर्लिनकडे पाहिलं. ते म्हणाले, "हो की. बासष्ट ते सदुसष्ट. दुपारची पाळी."

मी विचारलं, हे मला दोन महिन्यांत कोणी सांगितलं का नाही? व्हर्लिन म्हणाले, "तू विचारलंस कुठे? तू एकेचाळीस फोटोंना विचारलंस."

आर्डिस सांगत होत्या की एकेक आकड्याचा वेगळा खिळा होता, डाव्या हातात धरायचा, उजव्या हाताने हातोडी. डॅगेट साहेब रेडिओ मोठा लावायचे आणि त्या तालावर ठोकायच्या. एकाही दांड्यावर आकडे सरळ नव्हते. "माझा सात नेहमी झोपायचा. साहेब म्हणायचे, आर्डिस, तुझा सात दारू पिऊन येतो का? हा सात बघ, पाद्र्यासारखा उभा आहे. हा दांडा कोणीतरी मागाहून यंत्रात पाडलाय, बाळ. नकली आहे."

मी शांत होते. मी म्हटलं, साठ वर्षांपूर्वीची आठवण म्हणजे मोजमाप नव्हे. आवाज चढला असेल तर तो गॅरेजच्या पत्र्यामुळे.

त्या म्हणाल्या, "बरं. मग दांडा काढ. नकली असेल तर भोकं आमच्या खुंटाशी जुळणार नाहीत. एका मिनिटात कळेल. व्हर्लिनची पलंगाची पट्टी वेल्ड करून उद्यापुरती लावू."

दांडा काढला असता तर वॉशर निघाला असता.

मी म्हटलं, आता वेळ नाही. घट्ट बसलेले बोल्ट धावेच्या आदल्या दिवशी हलवायचे नसतात, असा नियम आहे.

"कोणाचा?" आर्डिसनी विचारलं.

मी म्हटलं, सर्वसाधारण.

आर्डिसनी चष्मा काढून पुसला. मग व्हर्लिन म्हणाले, "राहू दे आर्डिस. पोरीने तपासलंय म्हणजे तपासलंय." आणि दिवा बंद केला.

टुलारीच्या फळीवरचा तो पहिला दांडा आठवला. त्यावरचा आडवा सात. योगायोग असू शकतो.

उद्या दुसऱ्या बाजूने आणखी एक पाना लावून बोल्ट आवळेन. वर्षानुवर्षं झिजलेल्या खुंटाला तेवढं पुरेल.

शनिवार, ८ जून. संध्या. ५.००

पट्टीवर सकाळी दहाला सोळा गाड्या. उन्हात डांबर हलताना दिसत होतं. व्हर्लिननी पांढरा इस्त्रीचा शर्ट घातला होता. आर्डिस सावलीत छत्रीखाली, मांडीवर बीन्सचं भांडं. मी शेजारच्या सीटवर, कारण व्हर्लिन म्हणाले, "ज्याने कागद दिला त्याने शेजारी बसायचं."

झेंडा पडला. पहिला गिअर उत्तम.

दुसरा. गुडघा उचलला, दांडा मागे आला, पडला. त्यांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. गाडी जोरात. मी तेव्हा म्हणाले, बघा. हे मी मोठ्याने म्हणाले.

तिसऱ्यासाठी दांडा पुढे ढकलला. वरचा बोल्ट लांबट भोकात सरकला, वॉशर वाकून उडाला, दांडा खालच्या बोल्टभोवती फिरून गाडीच्या तळावर आडवा झाला. गाडी ना दुसऱ्या गिअरमध्ये राहिली, ना तिसऱ्यात गेली. इंजिन ओरडत राहिलं आणि गाडी आपोआप थांबत गेली. पाव मैल झाला होता. बाकीचे तीन चतुर्थांश समोर दिसत होते, अगदी सरळ.

क्लबचे चार जण धावत आले आणि गाडी मागे ढकलत नेली. बराच वेळ लागला. कोणी विनोद केला नाही. मला वाटलं होतं करतील.

सावलीत व्हर्लिननी स्वतः दांडा उतरवला. खुंटाच्या भोकात करंगळी घातली. डोळ्यांनी पाहिलं नाही, बोटाने पाहिलं. भोक कसं आहे ते त्यांना लगेच कळलं. विचारलं, "हे कानशीचं काम आहे?"

मी म्हटलं, झिजलं असावं.

ते म्हणाले, "झिजलेलं गुळगुळीत असतं, पोरी. याला दात आहेत."

मी हत्यारं डब्यात भरायला लागले. सांगायची ती वेळ होती. मला ते तेव्हाही कळत होतं.

पुढे त्यांनी एवढंच विचारलं, "कधी केलंस?" मी तारीख सांगितली. ते म्हणाले, "म्हणजे काल तुला माहीत होतं." हा प्रश्न नव्हता.

आर्डिसनी माझ्यापुढे बीन्सची बशी ठेवली. मी म्हटलं, भूक नाही. त्या म्हणाल्या, "भुकेसाठी नाही दिली. हातांना काहीतरी काम असू दे."

गाडी गॅरेजमध्ये परत आणून ठेवली. मी निघताना व्हर्लिन माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्याकडची गॅरेजची किल्ली दारामागच्या खिळ्याला लावून जा."

लावली.

रविवार, ९ जून

१. सीटचा भराव ठरल्यापेक्षा जास्त होता.
२. विक्रेत्याने दांडा नकली असल्याचं सांगितलं नाही.
३. आर्डिसनी दोन महिने मौन पाळलं.

हे लिहून झाल्यावर वाचलं. तिन्ही मापं बरोबर आहेत. तिन्हींचा खुंटाशी संबंध नाही. खुंट मी कापला. तो बिघडला हेही तेवढं मोठं नाही. दांडा काढ असं आर्डिस म्हणाल्यावर मी नियम सांगितला, तोही जागच्या जागी बनवलेला.

लेथ दुसरीकडेही मिळते. लॅबमध्ये माझ्या टेबलापासून चाळीस पावलांवर एक आहे, व्हर्लिनच्यापेक्षा चांगली, दोन वर्षांपासून आहे. उजेडही तिथे बरा आहे.

सोमवार, १० जून. दुपारी १.२०

जेवणाच्या सुट्टीत पत्र लिहिलं. पहिल्या मसुद्यात तक्ता होता. दुसऱ्यात आर्द्रता होती. तिसऱ्यात "दुर्दैवाने" हा शब्द तीनदा आला होता. फाडले. चौथ्याची प्रत इथे उतरवते. मूळ पत्र त्यांच्या दारातल्या टपालपेटीत टाकून आले. दार वाजवलं नाही. आत रेडिओ चालू होता.

"व्हर्लिन,

खुंटाचं भोक मी ७ मे रोजी कानशीने वाढवलं. दांडा बसत नव्हता आणि माझी निवड चुकली हे मला मान्य करायचं नव्हतं. वॉशर मी भोक झाकायलाच घातला होता. ११ मे रोजी तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोलले, आणि शुक्रवारी आर्डिस यांच्याशीही. त्यांनी सांगितल्याप्रमाणे दांडा काढला असता तर तुम्ही पलंगाच्या पट्टीवर मैल पूर्ण केला असता. तुमचा मैल माझ्यामुळे गेला.

प्रमाणपत्र भिंतीवरून काढून टाकावं.

भोक वेल्डिंगने भरून पुन्हा जुन्या अंतरावर पाडता येईल. तीन तासांचं काम आहे. मी ते एकटी करणार नाही. तुम्ही शेजारी बसलात आणि आर्डिस यांनी अंतर बघितलं तरच करेन. त्यानंतर तुम्ही सीटवर बसाल, जसे बसता तसे, आणि दांडा तुमचा हात जिथे पडतो तिथपर्यंत वाकवू. मापाचं पुस्तक आणणार नाही.

विमानपट्टीच्या मालकांना मी आज फोन केला. रविवारी, १६ जूनला सकाळी सात ते नऊ पट्टी मोकळी आहे. त्यांनी परवानगी दिली आहे. तुमचं लायसन्स तोवर चालू आहे. मी शेजारी बसायलाच हवं असं नाही.

तुम्हाला मी गॅरेजमध्ये नको असेन तर खुंट नीट करणाऱ्या दुसऱ्या माणसाचं नाव देते. तो चांगला आहे.

शनिवारी, १५ जूनला सकाळी नऊ वाजता मी यावं की नाही, हे कृपया गुरुवार, १३ जूनच्या संध्याकाळपर्यंत कळवावं.

लिनेट"